वाडीच्या वर भेग पडली आहे, ड्रोन सर्व्हे करून घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पोलादपूर तालुक्यातल्या तुमच्या वाडीच्या वरच्या उतारावर गेल्या पावसाळ्यात साधारण ६० मीटर लांबीची भेग पडली. एका कंपनीने वर्षाला चार ड्रोन उड्डाणं आणि प्रत्येक वेळी थ्रीडी मॉडेल असा प्रस्ताव दिला आहे. ग्रामपंचायतीकडे निधी तेवढाच आहे. तर ड्रोन कोणता असावा, चार उड्डाणं पुरतील का, आणि दरड सुटायच्या आधी आपल्याला कळेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे कुठे घालायचे ते त्यावरच ठरतं. ड्रोनच्या नकाशावरून ‘आता सुटणार’ हे कळत नाही. आपल्याकडच्या डोंगरात खाली काळा पाषाण असतो आणि त्यावर मुरूम व मातीचा थर, कुठे एक मीटर तर कुठे पाच-सात मीटर. मुसळधार पावसाचं पाणी मातीतून झिरपून पाषाणावर अडतं, तिथे त्याचा दाब वाढत जातो आणि एका क्षणी वरचा सगळा थर काही मिनिटांत खाली येतो. माळीणला ३० जुलै २०१४ च्या सकाळी, तळियेला २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री, तिन्ही वेळा जोरदार पाऊस होता. माळीणला १५१ माणसं गेली, तळियेला ८० हून अधिक. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. अशा वेळी डोंगरावर ढग उतरलेले असतात, वारा असतो, आणि कुठलाही ड्रोन वर पाठवून उपयोग नसतो. पाठवलाच, तरी फोटोंवरून मॉडेल बनायला पुढचे कितीतरी तास लागतात.

ड्रोन दोन गोष्टी उत्तम सांगतो: उतार कुठे हलला, आणि दोन उड्डाणांच्या मधल्या काळात किती हलला. ‘कधी’ हे सांगायला वाडीवरचा पाऊस, भेगेची रोजची रुंदी आणि झऱ्याओढ्यांचं पाणी पाहावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा की चारऐवजी वर्षाला दोनच उड्डाणं घ्या, पण ती नीट मोजमापाची घ्या. तिसऱ्याचे पैसे राखीव ठेवा, उतारात मोठा बदल झाला तर वापरायला. उरलेल्या पैशांतून भेगेची रुंदी मोजायच्या खुंट्या, पर्जन्यमापक आणि रात्री वाडी रिकामी करायची व्यवस्था करा.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. भेगेच्या भोवती गवत आणि विरळ झाडी असेल तर साधा कॅमेऱ्याचा ड्रोन चालतो. निम्म्याहून जास्त भाग झाडांनी झाकला असेल तर कॅमेऱ्याला जमीन दिसतच नाही, झाडांचे शेंडे दिसतात. तिथे लायडार लागतो. तो लेझरचे किरण सोडतो आणि त्यातले काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचून परत येतात. खर्च मात्र बराच वाढतो, आणि दाट गवतात लायडारही फसतो, कारण गवताच्या बुंध्यालाच तो जमीन समजतो. तिसरी शक्यता अशी की तुमच्या वर मातीचा उतार नसून उभा कडा आहे आणि धोका सुट्या धोंड्यांचा आहे. मग वरून खाली पाहणारे फोटो पुरत नाहीत, कड्यासमोरून कॅमेरा तिरका धरून फोटो घ्यावे लागतात. पुढचं सगळं पहिली परिस्थिती धरून लिहितो.

किती हालचाल दिसू शकते

ड्रोन वापरताना लोक सर्वांत जास्त इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल आणि यांत्रिक शटर असलेला सर्व्हेचा ड्रोन ८० मीटर उंचीवरून उडवला तर फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर सुमारे २.२ सेंटिमीटरचा येतो. कंपनीच्या पत्रकात ‘२ सेमी अचूकता’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा एवढंच असतं. पण पिक्सेलचा आकार म्हणजे अचूकता नव्हे. काम व्यवस्थित झालं तर आडव्या दिशेत एक-दोन पिक्सेलची आणि उंचीत दोन-तीन पिक्सेलची चूक राहते. उंचीत ५ सेमी धरू.

मे महिन्याच्या मॉडेलात ५ सेमी चूक आणि डिसेंबरच्या मॉडेलात ५ सेमी चूक असेल, तर दोन्हींच्या वजाबाकीत ती एकत्र येते: पाचाचा वर्ग अधिक पाचाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ७ सेमी. ९५ टक्के खात्री हवी असेल तर त्याला १.९६ ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे १४ सेमी. म्हणजे या दोन उड्डाणांवरून १४ सेमीपेक्षा कमी फरकाला ‘डोंगर हलला’ म्हणता येत नाही. दोन मॉडेलांतला फरक दाखवणारा लाल-निळ्या रंगांचा नकाशा कितीही देखणा असला तरी १४ सेमीच्या आतले रंग पुसून टाकायला सांगा.

तीव्र उतारावर आणखी एक गोम आहे. दोन मॉडेलं एकमेकांवर आडव्या दिशेने ५ सेमी सरकलेली असतील, तर सपाट अंगणात उंचीचा फरक शून्य दिसेल, ४५ अंशांच्या उतारावर ५ सेमी दिसेल आणि ६० अंशांच्या उतारावर जवळपास ९ सेमी. डोंगर जागच्या जागी आहे आणि नकाशात मात्र सगळा उभा भाग लाल. म्हणून उतारावर उंचीची साधी वजाबाकी करू नये. पृष्ठभागाला काटकोनात अंतर मोजणारी पद्धत वापरावी. क्लाउडकंपेअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती ‘एम३सी२’ या नावाने आहे.

घनफळाच्या आकड्यांवर तर लगेच विश्वास ठेवूच नका. दोन हेक्टर भागात सरसकट ५ सेमीची चूक राहिली तर १००० घनमीटर माती कागदावर गायब होते किंवा नव्याने उगवते. शंभरेक डंपर माती झाली ही.

यावर एक सोपी परीक्षा आहे, आणि ती तुम्ही स्वतः घेऊ शकता. भेगेपासून लांब असलेला उघडा कातळ, घरांचे स्लॅब, डांबरी रस्ता या जागा हललेल्या नाहीत हे आपल्याला माहीत आहे. कंपनीला विचारा, ‘दोन मॉडेलांमध्ये या स्थिर जागांवर सरासरी फरक किती आला, आणि तो कितीपर्यंत वरखाली होतोय?’ सरासरी शून्याच्या जवळ हवी. वरखाली होण्याचा आकडा हीच तुमची खरी अचूकता. या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळत नसेल तर ते काम देऊ नका.

गवत, कारवी आणि उड्डाणाचा महिना

सप्टेंबरात आपल्या उतारांवर गवत कमरेपर्यंत असतं आणि कारवी डोक्याच्या वर. मेमध्ये उडवून सप्टेंबरात पुन्हा उडवलं तर डोंगर एक मीटर ‘फुगलेला’ दिसतो. चार उड्डाणांच्या प्रस्तावात एक पावसाळ्यात आणि एक ऑक्टोबरच्या सुरुवातीला असेलच. त्या दोन्हींचा मोजमापासाठी फार उपयोग नाही.

पहिलं उड्डाण मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्या. गवत वाळून झडलेलं असतं, पानझडी झाडं उघडी असतात, वळीव जोरात सुरू झालेला नसतो. हे तुमचं मूळ मॉडेल. दुसरं डिसेंबरच्या उत्तरार्धात, गवत वाळून आडवं पडल्यावर किंवा लोकांनी कापून नेल्यावर. भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचा पट्टा आधी कापून घ्या. गवत मुळासकट उपटू नका आणि जाळूही नका, मुळंच वरची माती धरून असतात. शक्यतो मेची तुलना पुढच्या मेशी करा. डिसेंबरचं मॉडेल पावसाळ्यात काय झालं ते लवकर समजावं म्हणून.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो. तुमचा उतार उत्तराभिमुख असेल तर सकाळी दहापर्यंत तो सावलीत राहतो आणि सावलीत फोटो जुळत नाहीत. अशा उतारावर अकरा ते दोनच्या मध्ये उडवा. मेमध्ये उलट, सकाळी आठ ते दहा बरं, कारण दुपारी दरीतून वर येणारा वारा ड्रोनला कड्याच्या काठाशी हेलकावे देतो.

वरकस जमिनीत नाचणी-वरीसाठी नांगरट झाली असेल, राब भाजला असेल, कुणी बांध घातला असेल, तर तेही नकाशात बदल म्हणून दिसतं. उड्डाणाच्या आधी वाडीतल्या माणसाबरोबर फिरून असे तुकडे कागदावर टिपून ठेवा आणि तुलनेतून वगळा.

उड्डाण

समजा ५०० मीटर लांब आणि ४०० मीटर रुंद असा २० हेक्टरचा भाग आहे. ८० मीटर उंचीवरून एका फोटोत १२० × ८० मीटर जमीन येते. पुढच्या फोटोशी ८० टक्के आणि शेजारच्या रांगेशी ७५ टक्के जुळणी ठेवायची तर दर १६ मीटरला एक फोटो आणि दोन रांगांमध्ये ३० मीटर अंतर. कडेला थोडं जास्त धरून १६ रांगा होतात, सुमारे ५०० फोटो. ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, अर्ध्या तासाच्या आसपास उडणं होतं. बॅटरी दोन लागतात, तिसरी जवळ असावी. शटर १/८०० किंवा त्याहून वेगवान, म्हणजे फोटो पुसट होत नाही. फोकस सुरुवातीला लांबवर एकदा धरून कुलूपबंद करा. प्रत्येक फोटोला फोकस बदलला तर कॅमेऱ्याचं गणितच बिघडतं.

रांगा उताराला आडव्या, समान उंचीच्या रेषेत ठेवा. वर-खाली ठेवल्या तर चढायला बॅटरी जाते आणि उंची नीट राखली जात नाही. ड्रोनने जमिनीपासून ८० मीटर राखायचं तर त्याला भूभागाची फाइल द्यावी लागते. फुकट मिळणारा उपग्रहाचा उंचीचा डेटा ३० मीटरच्या चौकटीचा असतो, आणि सह्याद्रीतला उभा कडा त्यात घसरगुंडीसारखा गुळगुळीत होतो. त्या फाइलवर डोळे मिटून उडवलेला ड्रोन कड्यावर आदळतो. पहिल्यांदा १२० मीटरवरून एक ढोबळ उड्डाण करा, त्याचं मॉडेल बनवा आणि दुसऱ्या उड्डाणाला तीच फाइल द्या.

ड्रोन शक्यतो उताराच्या वरच्या टोकाला उभं राहून उडवा. परतीची उंची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून परत येतो ती, उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. पायथ्याशी उभं राहून ती १०० मीटर ठेवली आणि डोंगर २०० मीटर चढत असेल, तर सिग्नल तुटताच ड्रोन सरळ डोंगरात शिरतो.

सरळ खालच्या फोटोंबरोबर २० ते ३० अंश तिरके दीडशे फोटो नक्की घ्या. फक्त सरळ फोटो असले की मॉडेल मध्यभागी घुमटासारखं फुगतं किंवा बशीसारखं खोलगट होतं. उंचीत दहा-वीस सेमीची ही चूक नेमकी खचलेल्या उतारासारखी दिसते.

आणखी दोन गोष्टी पुस्तकांत फारशा सापडत नाहीत. एक, काळ्या पाषाणात चुंबकीय खनिजं असतात. उघड्या कातळावर ड्रोन ठेवून होकायंत्र जुळवलं तर ते चुकतं आणि ड्रोन वर गेल्यावर गोल-गोल भरकटतो. लाकडी स्टूल किंवा प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन त्यावरून उडवा. दुसरी, कड्यांवरची आग्या मोहोळं. आधी दुर्बिणीने कडा पाहा. मोहोळ दिसलं तर त्या बाजूची रांग सोडून द्या. पंख्यांच्या आवाजाने माश्या उठल्या की त्या ड्रोनला नव्हे, खालच्या माणसांना डसतात, आणि तीव्र उतारावर पळायला जागा नसते.

जमिनीवरचे नियंत्रण बिंदू

नियंत्रण बिंदू म्हणजे जमिनीवरच्या अशा खुणा ज्यांची जागा नेमकी मोजलेली असते आणि ज्या फोटोत दिसतात. ड्रोनमध्ये आरटीके (उपग्रहावरून मिळणारं स्थान उडतानाच सेंटिमीटरपर्यंत सुधारणारी सोय) आहे, म्हणजे खालचे बिंदू लागत नाहीत, असं तुम्हाला सांगितलं जाईल. आडव्या दिशेसाठी ते बरंचसं खरं आहे. उंचीत मात्र काही सेमीची सरसकट चूक राहू शकते. म्हणून आरटीके असला तरी किमान चार-पाच बिंदू हवेत, नसला तर दहा-बारा. शिवाय चार-पाच तपासणीचे बिंदू वेगळे ठेवायचे, जे गणितात वापरायचे नाहीत, फक्त शेवटी पडताळायला.

बिंदू माथ्यावर, पायथ्याशी आणि दोन्ही कडांना पसरून ठेवा. नियंत्रणाचा एकही बिंदू भेगेच्या खालच्या, हलणाऱ्या भागात नको, नाहीतर आपण हलणाऱ्या वस्तूलाच फूटपट्टी बनवतो. तात्पुरत्या खुणेसाठी ६० सेमीचा काळा-पांढरा चौकोन छापलेला फ्लेक्स चालतो, कोपऱ्यांना खिळे मारून. चुन्याची फुली मारू नका, तिच्या कडा पसरतात आणि मध्य नेमका सापडत नाही. कातळ उपलब्ध असेल तिथे भोक पाडून बोल्ट बसवा आणि भोवती ऑइलपेंट लावा. तीच खूण दर वर्षी वापरता येते.

आता बेस स्टेशन, म्हणजे जमिनीवर एका जागी ठेवलेला उपग्रह-रिसीव्हर, ज्याच्या आधाराने बाकीची स्थानं सुधारली जातात. दरीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून सर्व्हे करणारे आपला बेस लावतात आणि घाईत त्याला स्वतःची जागा दोन मिनिटांच्या सरासरीने ठरवू देतात. ती जागा दर वेळी एक-दोन मीटरने वेगळी येते, आणि मग आख्खा डोंगर दीड मीटर सरकलेला दिसतो. उपाय सोपा आहे. हलत नसलेल्या कातळावर एक कायमचा बोल्ट बसवा. पहिल्या दिवशी बेस तिथे निदान चार तास चालू ठेवा, ती नोंद भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांच्या (कायम चालू असलेल्या उपग्रह-रिसीव्हर केंद्रांच्या) डेटाशी जोडून त्या बोल्टचे निर्देशांक एकदाच काढा. पुढे प्रत्येक वेळी बेसमध्ये हेच आकडे हाताने भरायचे. ते पंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी कंपनी बदलू शकते.

उंची कोणत्या संदर्भाची आहे तेही लिहून घ्या. उपग्रहाकडून मिळणारी उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्या भागात सुमारे ६० ते ७० मीटरचा फरक असतो. एक मॉडेल एका संदर्भात आणि दुसरं दुसऱ्यात असेल तर गोंधळ लगेच दिसतो, हे खरं. पण घाईत कुणीतरी एक मॉडेल नुसतं ‘उचलून’ दुसऱ्यावर बसवतं आणि त्यात खरी हालचालही पुसली जाते.

फोटोंपासून मॉडेल

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. वेबओडीएम मोफत आहे आणि ५०० फोटो ३२ जीबी रॅमच्या संगणकावर रात्रभरात होतात. महत्त्वाची युक्ती अशी: मे आणि डिसेंबरचे फोटो आधी एकत्र जुळवायचे, आणि जुळणी झाल्यावर वेगळे करून दोन मॉडेलं बनवायची. डोंगराचा न हललेला भाग दोन्ही संचांना एकमेकांशी बांधून ठेवतो आणि तुलनेतली चूक बरीच कमी होते. त्यासाठी मूळ फोटो हातात हवेत.

मग दोन्ही मॉडेलांत ओळखता येतील असे तीस-चाळीस ठिपके शोधा: धोंड्यांचे कोपरे, तोडलेल्या झाडांचे बुंधे, कातळावरच्या खुणा. प्रत्येकाचं आधीचं आणि नंतरचं स्थान जोडणारा बाण काढा. भेगेच्या खालचे सगळे बाण उताराच्या दिशेने आणि साधारण सारख्या लांबीचे असतील, आणि वरचे बाण वेड्यावाकड्या दिशांनी अगदी लहान असतील, तर जमिनीचा तुकडा खरंच सरकतोय. सगळेच वेडेवाकडे असतील तर ती मोजमापाची चूक. एका दुपारचं काम आहे हे, आणि रंगीत नकाशापेक्षा मी यावर जास्त भरवसा ठेवतो.

भेगही प्रत्येक वेळी रेघ ओढून नकाशावर घ्या. तिची टोकं खालच्या बाजूला वळून घोड्याच्या नालासारखा आकार घेत असतील तर सरकणाऱ्या तुकड्याची हद्द तयार होत आहे. पायथ्याशी जमीन फुगलेली दिसली तर भूवैज्ञानिकाला बोलवायला वेळ लावू नका.

भेगेपुरतं पाहू नका

बहुतेक प्रस्तावांत भेगेभोवतीचा चौकोन आखलेला असतो. वाडीला धोका मात्र तिथून निघालेली माती कुठल्या वाटेने येईल याचा असतो. २०२४ च्या ३० जुलैला वायनाडमध्ये दरड सुमारे १५५० मीटर उंचीवर सुटली आणि तिचा लोंढा नदीपात्रातून जवळपास ८ किलोमीटर वाहत गेला. ती जुन्याच दरडीच्या जागेवर पुन्हा सुटली, हे उपग्रहाच्या फोटोंत दिसलं. म्हणून भेगेपासून वाडीपर्यंतचा आणि वाडीच्या खालचा ओढा, त्याच्या दोन्ही काठांसह, उड्डाणात घ्या. या भागाला १२० मीटर उंचीही चालते.

जुन्या दरडींच्या खुणाही शोधा: उतारावरची पाळण्यासारखी खोलगट जागा, ओढ्याच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली माती, वाडीतच इकडेतिकडे रुतलेले घरांएवढे धोंडे. डोंगरउतारावर मध्येच सोयीची सपाटी सापडते ती अनेकदा जुन्या दरडीनेच केलेली असते, आणि वाड्या नेमक्या अशाच सपाटीवर वसतात.

पाणी कुठून वाहतं हेही याच मॉडेलवरून काढता येतं, आणि तुम्हाला लगेच उपयोगी पडेल असं हेच आहे. वरून येणारं पाणी भेगेत शिरत असेल तर पावसाळ्याआधी भेग चिकणमातीने ठासून भरा, वर प्लॅस्टिकचा कागद घाला आणि तिच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून पाणी बाजूच्या नाळेत सोडा. चराचा तळ झिरपणार नाही असा हवा, नाहीतर तो चरच भेगेला पाणी पाजतो. ही तात्पुरती मलमपट्टी आहे. चराची जागा भूवैज्ञानिकाला दाखवूनच ठरवा.

खुंट्या आणि पाऊस

ड्रोन १४ सेमी पाहतो, सळईची खुंटी मिलिमीटर पाहते. १२ मिमीच्या सळईचे ७५ सेमीचे तुकडे घ्या, भेगेच्या दोन्ही बाजूंना ५० सेमी खोल ठोका, डोक्यावर छिन्नीने बारीक खूण करा. भेगेच्या लांबीवर अशा चार जोड्या, आणि एक जोडी भेगेपासून दूर घट्ट जमिनीत, तुलनेसाठी. स्टीलच्या टेपने खूण ते खूण अंतर रोज सकाळी एकाच माणसाने मोजायचं आणि वहीत लिहायचं. आठवड्यात एकूण किती वाढलं यापेक्षा वेग वाढतोय का ते पाहा: रोज १ मिमी, मग ३, मग ८ असं दिसलं तर वाडी हलवायची वेळ आली. पाऊस जोरात असताना मोजायला वर जाऊ नका, काहीही झालं तरी.

पर्जन्यमापक वाडीतच हवा. महसूल मंडळाचं केंद्र दुसऱ्या खोऱ्यात असेल तर त्याचा आकडा तुमच्या उतारावर किती पडला ते सांगत नाही. २०२१ च्या त्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला होता. असा पाऊस एका खोऱ्यात पडतो आणि शेजारचं बरंच कमी भिजतं. किती मिलिमीटरला वाडी सोडायची हा आकडा मी इथून देणार नाही. तो तुमच्या उतारावर आणि आधीच्या दिवसांच्या पावसावर ठरतो, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाबरोबर बसून ठरवायचा असतो.

ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा भर पावसात कमी झालं, कोरड्या जागी झरा फुटला, दारं चौकटीत अडकू लागली, तर कुठल्याही अहवालाची वाट न पाहता लगेच निघा. पाणी कमी होणं लोकांना बरं वाटतं, पण वर मातीने ओढा अडवला असेल तर तेच पाणी साठून एकदम येतं.

प्रस्तावात काय लिहून घ्यायचं

पीडीएफ आणि व्हिडिओ यांवर काम संपवू देऊ नका. मूळ फोटो, बिंदूंचे निर्देशांक, तपासणीच्या बिंदूंवरच्या चुकांचा तक्ता, पॉइंट क्लाउड (मॉडेलातले लाखो थ्रीडी ठिपके), उंचीचं मॉडेल आणि जोडफोटो (सगळे फोटो जोडून केलेला एक नकाशा), हे सगळं हार्डडिस्कवर पंचायतीच्या मालकीचं म्हणून लिहून घ्या. निर्देशांकांची पद्धतही ठरवून द्या, आपल्याकडे यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या यूटीएम पद्धतीतला आपला पट्टा.

कायद्याचं थोडक्यात: ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपासून २ किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’ गटात येतो. व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. सरकारी हवाई नकाशावर ग्रीन झोन दाखवलेल्या भागात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण तो नकाशा बदलत असतो, म्हणून उड्डाणाच्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा. उतार वन विभागाच्या हद्दीत असेल तर त्यांची लेखी परवानगी आधी घ्या.

आणि कंपनीला होकार द्यायच्या आधी एक अर्ज करा: तहसीलदारांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडून स्थळपाहणी मागा. त्यांचे दरडप्रवणतेचे नकाशे भूकोश या संकेतस्थळावर आहेत, पण ते १:५०,००० प्रमाणाचे. तुमची वाडी त्यात टाचणीच्या टोकाएवढी दिसेल. तिथे तिचा रंग सौम्य असला तरी निश्चिंत होऊ नका. इर्शाळवाडीही दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

उताराची दिशा, भेगेची सगळ्यात जास्त रुंदी, तिच्या दोन बाजूंत उंचीचा फरक पडला आहे का, आणि झाडी किती, एवढं इथे लिहा. सोबत मोबाइलवर काढलेले चार फोटो टाका, भेगेवर पट्टी आडवी ठेवून. मग उड्डाणाची उंची आणि खुंट्यांच्या जागा नेमक्या सांगता येतील.